हात उठण्याआधीची दोन मिनिटे

वाहतूक पोलिसाने दुचाकीस्वाराच्या कानाखाली वाजवल्याची किंवा दुचाकीस्वाराने पोलिसाची गचांडी धरल्याची चित्रफीत मोबाईलवर फिरू लागली, की सोलापूरसारख्या शहरात दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, पोलिसांचा माज फार वाढला आहे. दुसरा म्हणतो, लोकांचाच माज वाढला आहे, दोन रट्टे बसल्याशिवाय कोणी सरळ होत नाही. दोन-तीन दिवस हा वाद रंगतो. मग एखाद्या शिपायाचे निलंबन होते किंवा एखाद्या तरुणावर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल होतो आणि विषय मिटतो. पुढची चित्रफीत येते तेव्हा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. माणसे जखमी होतात, क्वचित मरतातही, आणि आपण त्यातून काहीच शिकत नाही. म्हणून हा वाद एकदा सावकाश, दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ देऊन ऐकायला हवा.

त्यासाठी तो इथे दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. दोघेही कल्पित आहेत, मते मात्र शहरात रोज ऐकू येणारी आहेत. एक आहेत निवृत्त फौजदार, नोकरीचा मोठा काळ वाहतूक शाखेत काढलेले. दुसऱ्या आहेत जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकील. दोघे एकाच वसाहतीत राहतात, म्हणून त्या त्यांना काका म्हणतात आणि ते त्यांना ताई.

फौजदार : ताई, सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सात रस्त्याला नाहीतर आसरा चौकात डांबरावर तासन्‌तास उभा असलेला माणूस आहे तो. समोरून एका गाडीवर तिघं येतात. नंबरप्लेटवर नंबर सोडून बाकी सगळं असतं. हात केला तर वेग वाढवतात, आणि थांबलेच तर आधी कुणाला तरी फोन लावून आमच्या कानाला देतात, ‘बोला साहेबांशी’. तुमचं कायद्याचं पुस्तक त्या पोरानं वाचलेलं नसतं, त्याला एकच भाषा कळते. एकाला बसली की मागचे दहा जण आपोआप हेल्मेट घालतात. हे बरोबर आहे असं मी कोर्टात म्हणणार नाही, पण रस्ता असाच चालतो. आणि आम्ही ढिलाई केली, अपघात झाला, की तुम्हीच विचारता, पोलीस काय करत होते?

वकील : काका, उन्हाचं आणि उद्धटपणाचं तुम्ही म्हणता ते मान्य. पण पोरानं पुस्तक वाचलं नसलं तरी हवालदारानं वाचलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं मागितला की परवाना दाखवावाच लागतो. कायदेशीर आदेश मोडला किंवा अडथळा आणला तर कलम १७९ आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात दोन हजारांचा दंड आहे. परवाना किंवा नोंदणीच नसेल तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते. माणूस नाव-पत्ता सांगायलाच तयार नसेल, तर कलम २०२ खाली बिनावॉरंट अटकसुद्धा करता येते, आणि दारू पिऊन किंवा जीवघेण्या पद्धतीनं चालवत असेल तरीही. म्हणजे प्रत्येक पायरीवर कायद्यानं पोलिसाच्या हातात काहीतरी दिलेलं आहे. थप्पड यातल्या कुठल्याही पायरीवर नाही. अटक करताना समोरचा जबरदस्तीनं विरोध करू लागला तर बळ वापरायची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ देतं, तेही अटकेपुरतंच. हेल्मेट नसणं हा अशा अटकेचा गुन्हाच नाही. कलम १९४-ड मध्ये त्याला एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र, एवढी शिक्षा लिहिली आहे. त्यात भर घालायचा अधिकार चौकातल्या कुणालाही नाही.

इथपर्यंत दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोघांचेही अपुरे आहे. फौजदार परिस्थिती सांगतात, वकील कायदा सांगतात, पण दोघांचीही नजर एकाच ठिकाणी खिळलेली आहे : उठलेल्या हातावर. तो हात योग्य होता की अयोग्य, एवढाच प्रश्न दोघांपुढे आहे. चित्रफीतही आपल्याला तिथेच खिळवते, कारण ती सुरू होते तेव्हा आवाज चढलेले असतात आणि बघे जमलेले असतात. त्याआधी गाडी कुठे थांबवली, कशी थांबवली, पोलीस कुठे उभा होता, पहिले वाक्य कोणाचे आणि कोणते होते, हे तिच्यात जवळजवळ कधीच नसते. रस्त्यावरच्या बळाचा प्रश्न त्याच आधीच्या दोन मिनिटांत घडतो किंवा टळतो, असे माझे म्हणणे आहे. हात उठल्यानंतरचा न्याय करावाच लागेल. पण लोकांचे आणि पोलिसांचे जीव वाचवायचे असतील, तर नियम गाडी अडवण्याच्या रीतीला लावावे लागतील.

ज्या घटनांनी देशभर आणि देशाबाहेर खळबळ उडाली, त्या याच अंगाने पाहा. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट न घातलेला एक दुचाकीस्वार इशारा करूनही थांबला नाही. वाहतूक पोलीस निरीक्षकाने त्याचा पाठलाग केला आणि चालत्या गाडीला लाथ घातली. मागे बसलेली त्याची पत्नी रस्त्यावर पडून मरण पावली. हजारो लोक रस्त्यावर उतरले, निरीक्षकाला अटक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लखनौच्या गोमतीनगरात मध्यरात्रीनंतर एका मोटारीला पोलीस शिपायांनी अडवले. मोटार अंगावर घातली असा दावा करत एका शिपायाने गोळी झाडली आणि एका खासगी कंपनीतला अधिकारी ठार झाला. तिसरी घटना अमेरिकेतली आहे. एप्रिल २०१६ मध्ये टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ टोल थकल्यावरून एक मोटार अडवली गेली. ती पुढे सरकू लागताच अधिकाऱ्याने दाराच्या पायरीवर उडी घेतली आणि गोळ्या झाडल्या. चालक मेला. खालच्या न्यायालयांनी गोळी सुटण्यापूर्वीचे फक्त दोन सेकंद विचारात घेतले. त्या दोन सेकंदांत अधिकाऱ्याच्या जिवाला धोका होता, म्हणून गोळी क्षम्य, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १५ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही रीत चुकीची ठरवली. बळ वाजवी होते की नाही हे ठरवताना शेवटच्या क्षणापुरते पाहून चालणार नाही, त्याआधीची सगळी परिस्थिती विचारात घ्यावी लागेल, असे सांगून प्रकरण परत पाठवले.

तिन्ही ठिकाणी मूळ कारण किती लहान होते ते लक्षात घ्या : हेल्मेट, न थांबलेली मोटार, थकलेला टोल. पाठलाग, लाथ, पायरीवरची उडी हे निर्णय थांबवणाऱ्याने घेतले होते, आणि मरण्याइतका धोका त्यानंतर उभा राहिला. हेल्मेटचा नियम डोके वाचावे म्हणून आहे. तो पाळायला लावताना मागे बसलेल्या बाईचे डोके फुटत असेल, तर नियमाचा हेतूच मातीत जातो.

राज्यातल्या कुठल्याही शहरात अधूनमधून दिसणारी एक रीत जवळून पाहू. वळण संपते तिथेच, उभ्या टेम्पोच्या आडोशाला दोन पोलीस थांबलेले असतात. दुचाकी जवळ आली की एक जण पुढे झेपावून हँडल किंवा चालकाचा दंड धरतो. दुसऱ्याचा हात चावीकडे जातो. हँडल एका बाजूने खेचले गेले की पुढचे चाक आडवे होते, दचकलेला चालक पुढचा ब्रेक दाबतो आणि त्याचा पाय जमिनीला टेकायच्या आत गाडी कलते. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला धरायला काही नसते. एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मूल असते. ती खाली येते. चालक उठतो तो भांडायलाच उठतो, त्याच्या तोंडून शिवी जाते आणि शिवीला उत्तर म्हणून हात उठतो. चित्रफीत इथून सुरू होते. मग आपण शिवी आधी की थप्पड आधी यावर भांडत बसतो, आणि हँडल धरणारा पहिला हात विसरून जातो.

फौजदार : ताई, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही लोक एकाच बाजूचे मुडदे मोजता. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला विलास शिंदे नावाच्या आमच्या हवालदारानं एका अल्पवयीन पोराला अडवलं. पोरानं भावाला बोलावलं, भावानं शिंद्यांच्या डोक्यात दांडकं घातलं. आठवडाभर झुंजून ३१ ऑगस्टला ते गेले. आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढा तालुक्यात, जानेवारी २०२२ मध्ये वाहनं तपासणाऱ्या आमच्या माणसाला मालवाहू गाडीनं चिरडलं. भीमेच्या वाळूवर चालणारे टिपर रात्री कसे पळतात ते ग्रामीण पोलिसांना विचारा. समोरचा कोण आहे, त्याच्याजवळ काय आहे, हे हात करताना आम्हाला कुठं माहीत असतं? घाबरलेला माणूस आधी पकड घट्ट करतो. त्याला तुम्ही माज म्हणता.

वकील : काका, हे मुडदे मी मोजते. अपघाताच्या दाव्यांत मरण पावलेल्या पोलिसांची कुटुंबंही येतात. ड्युटीवरच्या पोलिसावर हात टाकणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली शिक्षा झालीच पाहिजे, आणि जीव घेतला तर खुनाची. पण तुमच्या माणसाला रस्त्याच्या मधोमध, पुरेशा उजेडाशिवाय, अडथळ्याशिवाय उभं कुणी केलं? त्याचा जाब कुणी दिला?

वकिलांचा हा प्रश्न या वादाचे मर्म आहे, आणि फौजदारांनी दिलेली उदाहरणे माझ्या मुद्द्याला बळच देतात. वेगात येणाऱ्या अवजड गाडीसमोर उभे राहून हात करणे हे शौर्य असेल, पण ती कामाची पद्धत होऊ शकत नाही. सोलापुरातून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो, विजापूरकडे आणि तुळजापूरकडे जाणारे महामार्ग इथेच मिळतात, आणि साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची त्यात भर पडते. अशा रस्त्यांवर तपासणी नाका लावायचा तर आधी सूचनाफलक, मग चमकणारे शंकू, मग वेग आपोआप उतरावा म्हणून तिरके लावलेले अडथळे, आणि पोलीस गाडीच्या रेषेत नव्हे तर बाजूला, उजेडात, अशीच मांडणी हवी. याच मांडणीने दुचाकीस्वारही न पडता थांबतो. विलास शिंदे यांच्याबाबत हेही कबूल केले पाहिजे, की त्यांनी कोणावर हात टाकला नव्हता आणि कितीही चांगली रीत असली तरी असा एखादा हल्ला होऊ शकतो. पण एकट्याने कुणाला न अडवणे, सोबतीला जोडीदार आणि हाताशी बिनतारी संच असणे, हेही रीतीतच येते. जिवाचा धोका आहे म्हणून पोलिसाला मोकळा हात द्या, हा युक्तिवाद उलटा आहे. धोका आहे म्हणूनच त्याला शिस्तबद्ध पद्धत आणि साधने द्यायला हवीत. मोकळ्या हाताने त्याचे रक्षण आजवर झालेले नाही.

फौजदार : बरं, रीत बदलली. हात केला आणि तो पळाला. जाऊ द्यायचं? मग उद्या थांबेल कोण? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट नसलेली होती, हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. एक थप्पड वाचवायची म्हणून तुम्ही हजारो डोकी फोडायला निघालात.

हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, कारण त्यामागे खरी कळकळ आहे. पन्नास हजार मृत्यूंपुढे एका थपडेची काय मातब्बरी, असे कोणालाही वाटेल. पण थपडेच्या भीतीने नेमके काय बदलते ते पाहा. हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवणारा माणूस चौक जवळ आला की ते डोक्यावर चढवतो आणि चौक ओलांडला की पुन्हा कोपरात अडकवतो. त्याला अपघाताची किंवा कायद्याची भीती नसते, पुढच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाची असते. तो माणूस नसेल तिथे हेल्मेट नसते, आणि महामार्गाच्या बऱ्याच लांबीवर तो माणूस नसतोच. शिवाय ही भीती सगळ्यांना सारखी वाटत नाही. ज्याच्याकडे ‘साहेबांशी बोला’ म्हणून देता येईल असा फोननंबर आहे, तो रुबाबात सुटतो. अक्कलकोट रस्त्याच्या यंत्रमागावर पाळी संपवून निघालेला कामगार, तयार विड्या जमा करायला निघालेल्या बाईला मागे बसवून आणणारा तिचा नवरा, यांच्याजवळ तो नंबर नसतो. एक हजाराचा दंड त्यांच्या एका दिवसाच्या रोजापेक्षा मोठा असतो, म्हणूनच ते गयावया करतात किंवा घाबरून पळतात. माराने जी शिस्त लागते, ती गरिबाच्याच अंगावर उमटते. अशी शिस्त टिकत नाही आणि टिकावी अशी तिची योग्यताही नाही.

सुटण्याची आशा संपली की माणूस नियम पाळतो. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री जास्त काम करते. ही खात्री देण्याचे साधन आता पोलिसांकडे आहे. ई-चलन गाडीच्या क्रमांकावर निघते, चालक थांबला काय आणि पळाला काय. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. महामार्गांवर आणि ठरावीक शहरांत मोक्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने नियमभंग टिपावा असे त्यात सांगितले आहे, आणि त्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. पूर्वी पळणाऱ्याला धरले नाही तर तो खरोखरच सुटत असे, म्हणून पाठलागाला निदान काही अर्थ होता. आज हेल्मेट नसलेल्या माणसाच्या मागे धावून जे मिळते, ते एका छायाचित्राने मिळते. राहतो तो फक्त अपमानाचा सल : मी हात केला आणि हा थांबला नाही. तो सल समजण्यासारखा आहे, पण त्याच्या समाधानासाठी कोणाचा जीव पणाला लावता येणार नाही.

फौजदार : छायाचित्रानं चलन निघतं, वसूल कोण करणार? लाखो चलनं थकली आहेत. आणि नंबरच खोटा असेल तर दंडाचा मेसेज भलत्याच माणसाला जातो.

दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण थकलेला दंड ही वसुलीची अडचण आहे, आणि वसुलीचे मार्ग परवाना, नोंदणी, लोकअदालत आणि न्यायालय यांतून जातात. बँकेचा हप्ता थकला म्हणून बँकेच्या माणसाने कर्जदाराला बडवणे आपण खपवून घेत नाही, मग सरकारी दंड थकला म्हणून का घ्यावे? खोट्या क्रमांकाचे म्हणाल, तर १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटसह येतात आणि जुन्या गाड्यांना त्या बसवण्याची मोहीम राज्याने हाती घेतली आहे. तरीही कोणी खोटी प्लेट लावलीच, तर तो हेल्मेटपेक्षा फार मोठा गुन्हा आहे. त्याचा तपास करून, गाडी उभी असताना ती ताब्यात घेऊन, मालकावर खटला भरता येतो. हे कष्टाचे काम आहे, पण पोलिसाचे खरे काम तेच आहे.

इथे अपवादाची रेषाही स्पष्ट आखायला हवी, नाहीतर फौजदारांवर अन्याय होईल. पिऊन तर्र झालेला चालक ‘जाऊ द्या’ म्हणून सोडता येत नाही, कारण पुढच्या चौकात तो कोणाला तरी मारील. त्याची चावी काढून घेणे, त्याला खाली उतरवणे, तो झटापट करत असेल तर धरून ठेवणे, यात गैर काही नाही. सोनसाखळी ओढून पळणारा, पोरगी पळवून नेणारा, गर्दीत गाडी घालणारा, यांच्याबाबतीतही तेच. कसोटी एकच : या माणसाला आत्ता, इथे थांबवले नाही तर कोणाच्या जिवाला धोका आहे का? असेल तर लागेल तेवढे बळ वापरा, आणि तो ताब्यात आला त्या क्षणी थांबा. नसेल तर क्रमांक टिपा. हेल्मेट, पट्टा, कागदपत्रे, सिग्नल, थकलेले चलन यांपैकी जवळजवळ काहीही या कसोटीला उतरत नाही, आणि रस्त्यावरची रोजची भांडणे याच गोष्टींवरून होतात.

वकील : रीत लिहून काढा, मान्य. पण मोडणाऱ्याचं काय? मार खाल्लेल्या माणसानं तक्रार करायची कुठं, त्याच पोलीस ठाण्यात? प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्रानं त्यासाठी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. पण मोहोळचा नाहीतर अक्कलकोटचा माणूस एका थपडेसाठी रोज बुडवून मुंबई-पुण्याच्या फेऱ्या मारणार आहे का? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १४७ विनाकारण अडकवून ठेवणाऱ्या, ताब्यातल्या माणसावर विनाकारण हात टाकणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. ते वापरलेलं किती जणांनी पाहिलं आहे? मी म्हणते, हात उठला की गुन्हा दाखल. दुसरं बोलणंच नको.

वकिलांचा संताप रास्त आहे, तरी त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. हात टाकणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण फक्त त्याच्यावर झाली, तर ज्याने त्याला वळणाच्या तोंडाशी, आडोशाला, बिनअडथळ्याचे उभे केले, ज्याने दिवसाला इतकी चलने झालीच पाहिजेत असा दबाव आणला, तो वरचा अधिकारी नामानिराळा राहतो. शिपाई निलंबित होतो, त्या जागी दुसरा उभा राहतो, पद्धत तीच राहते. चौकशीचा पहिला प्रश्न ‘मारले का?’ हा असेल, तर दुसरा प्रश्न ‘नाका कोणी आणि कसा लावला होता?’ हा असलाच पाहिजे. त्यासाठी पुरावा लागतो आणि तो गाडीला हात केल्यापासूनचा लागतो. अंगावरचा कॅमेरा इथेच उपयोगी पडतो. तो पोलिसावर पाळत ठेवायला आणला आहे असे मानणे चूक आहे. आज पोलिसाच्या बाजूने बोलणारी चित्रफीत कोणी काढत नाही, बघ्यांचा मोबाईल भांडण पेटल्यावरच वर येतो. कॅमेरा सुरुवातीपासून चालू असेल, तर आधी शिवी कोणी दिली तेही दिसेल आणि हँडल कोणी ओढले तेही. मात्र तो खात्याचा, नोंदवलेला, बंद केला तर कळणारा असावा. चलनासाठी खासगी मोबाईलवर फोटो काढू नयेत असे राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने २०२५ मध्ये परिपत्रक काढून बजावले आहे, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

सोलापूरला हा विचार परका वाटू नये. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर या शहरात गोळीबार झाला, जमाव खवळला, पोलीस मारले गेले, लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. परक्या सत्तेच्या त्या दडपशाहीची आणि आजच्या वाहतूक तपासणीची बरोबरी करता येत नाही. पण सत्तेने फक्त शेवटच्या घावाचा हिशेब मागितला आणि पहिल्या घावाचा कोणालाच विचारला नाही, की न्याय किती वाकडा होतो, हे या शहराइतके थोड्या शहरांना माहीत आहे.

फौजदार : ताई, तुमचं आणि लेखकांचं म्हणणं मी ऐकलं. रीत लिहा, मी विरोध करणार नाही. पण अडथळे, दिवे, कॅमेरे, जोडीला माणूस, हे सगळं कागदावर लिहून चौकात एकटा पोरगा उभा करणार असाल, तर तो कागद त्याच्याच गळ्यात बांधाल. आधी माणसं द्या.

वकील : काका, ही मागणी तुमची एकट्याची नाही. ती माझीही धरा.

दोघांचे एकमत होते ते इथे, आणि पुढचे पाऊल इथूनच टाकायला हवे. सोलापूर पोलीस आयुक्तालयाने आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालयाने गाडी अडवण्याची रीत एका पानात लिहून जाहीर करावी. मराठीत, आणि या शहरात बोलल्या जाणाऱ्या कन्नड, तेलुगू, उर्दूतही. चालत्या गाडीचे हँडल, चालकाचा हात किंवा चावी धरायची नाही. चालत्या गाडीवर काठी किंवा लाथ चालवायची नाही. जिवाचा धोका नसेल तर पाठलाग करायचा नाही. पहिल्या वाक्यात, तुम्ही म्हणून, अडवण्याचे कारण सांगायचे. पुरेशा अडथळ्यांशिवाय, उजेडाशिवाय आणि जोडीदाराशिवाय नाका लावायचा नाही, आणि लावला तर जबाबदारी लावणाऱ्या अधिकाऱ्याची. नागरिकाच्या बाजूनेही दोनच ओळी पुरेत : हात केल्यावर बाजूला घेऊन थांबा, आणि दंड मान्य नसेल तर तो न्यायालयात लढा, रस्त्यावर नाही. जिथे मनुष्यबळ नाही तिथे नाके कमी लावावेत. अपुऱ्या माणसांनी लावलेल्या दहा नाक्यांपेक्षा नीट लावलेले चार जास्त जीव वाचवतात.

हे पान प्रत्येक पोलीस चौकीत आणि वाहन परवाना देणाऱ्या कार्यालयात लागले, तर पुढच्या चित्रफितीनंतर शहराला माज कोणाचा होता यावर भांडावे लागणार नाही. रीत पाळली होती का, आणि नसेल तर कोणी मोडली, एवढेच विचारावे लागेल. त्या प्रश्नाला पुराव्याने उत्तर देता येते, दोषी शिपाई असो, अधिकारी असो की नागरिक. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाचा मान आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा जीव, दोन्ही राखण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.